दहा फुटांवरचा डोळा

१

टेहळणीकाकांचा मागचा कॅमेरा फुटला, ही बातमी आमच्या घरी सकाळी साडेसातला पोचली आणि खरं सांगते, मला आधी आनंदच झाला. हातातला कप ओट्यावर ठेवून मी चक्क टाळी वाजवली. मग फोनवर पलीकडे माझी नणंद रडतेय हे लक्षात आलं आणि दुसरी टाळी हातातच राहिली.

"काका म्हणतात मीच फोडला," ताई हुंदके देत म्हणाली. "चार वाजेपर्यंत लेखी कबुली आणि माफी दे, नाहीतर पोलिसांत जातो म्हणतात. चारलाच माझी तपासणी आहे गं!"

ताई घरातच पाळणाघर चालवते. अकरा मुलं, मागे बाग, बागेत घसरगुंडी आणि पाण्याचा टब. परवान्याची मुदत संपत आली होती आणि आज चार वाजता तपासनीस बाई येणार होत्या, म्हणून मुलांना सुट्टी होती. परवान्याच्या अर्जात एक कलम आहे: चालकावर मोडतोडीची किंवा मारामारीची तक्रार नसावी. म्हणजे कबुली दिली तरी पाळणाघर बंद, नाही दिली तरी बंद.

टेहळणीकाका म्हणजे ताईचे शेजारी; हे नाव ताईनंच पाडलेलं. एका मोठ्या गोदामाच्या पहाऱ्याचे ते प्रमुख होते. निवृत्त झाले, पण पहारा काही सुटला नाही. घराला चार कॅमेरे लावले: फाटकावर एक, गाडीवर एक, बोळात एक आणि चौथा मागच्या छपराखाली. हा चौथा भिंतीवरून थेट ताईच्या बागेत बघायचा. टबात खेळणारी पोरं काकांच्या फोनवर दिसतात हे कळल्यावर दोन आयांनी मुलं काढून घेतली. ताईनं विनंती केली, भांडण केलं, पत्र लिहिलं. काका म्हणायचे, "माझी भिंत, माझा कॅमेरा." शेवटी ताईनं भिंतीला लागून बांबू रोवले आणि त्यांवर घेवडा चढवला. दोन महिने ती रोज त्या वेलांना "चढा रे बाबांनो" म्हणत पाणी घालत होती.

सासूबाईंनी माझ्या हातून फोन काढून घेतला.

"फोडलास का तू?"

"आई!"

"विचारायला हवं. फोडलास का?"

"नाही."

"मग कबूल काही करू नकोस. कशाला हात लावू नकोस. आणि रडू नकोस, नाक चोंदलं की तुला नीट आठवत नाही."

माझ्या सासूबाईंनी चौतीस वर्षं जमीनमोजणीच्या कचेरीत काढली आहेत. बांधावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेली माणसं त्यांच्या टेपसमोर मुकाट उभी राहायची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण ती टेप अजून त्यांच्या पर्समध्ये असते, कंगव्याच्या शेजारी. माझं चष्म्याचं दुकान आहे, लोकांच्या नजरेचे नंबर मी काढते. पण आमच्या घरात खरी नजर कुणाची, हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं.

"सूनबाई, दुकान आज उशिरा उघड," त्या म्हणाल्या. चपला त्यांच्या पायात होत्याच.

२

टेहळणीकाका ताईच्या बागेत उभे होते, पाठ ताठ, हात मागे, जणू गोदामाचं दार राखताहेत. आम्हाला बघताच त्यांनी फोन काढला.

"बघा. पुरावा. सकाळी सहा बावन्न."

पंधरा सेकंदांचं चित्रण होतं. एका बाजूनं बांबूचं टोक येतं, त्याला घेवड्याचं एक पान चिकटलेलं. टोक मोठं होत जातं, चित्र हादरतं, आकाश दिसतं, मग काळोख.

"अंगठा काढा," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"तुमचा अंगठा फोनच्या खालच्या भागावर आहे. अर्धं चित्र झाकलंय."

काकांनी फोन खिशात टाकला. "दिसायचं ते दिसलं. गेल्या महिन्यात हिनं रस्त्यात सगळ्यांसमोर म्हटलं नव्हतं, की हा डोळा एक दिवस मी फोडीन?"

ताईनं मान खाली घातली. म्हटलं होतं. मीही तिथे होते, मी तर वर "शाब्बास" म्हटलं होतं.

"ह्याच्या आधीचं चित्रण दाखवा," सासूबाई म्हणाल्या.

"आधीचं कशाला? आधी काही घडलंच नाही."

"सहा बावन्नला तुम्ही कुठे होतात?"

"फिरायला. साडेसहा ते साडेसात, रोजचा नेम. फाटकाच्या कॅमेऱ्यात जाताना-येताना दिसतो. मधल्या वेळात फाटकातून कुणी आत आलेलं नाही. म्हणजे जो आला तो ह्या भिंतीवरून आला. आणि भिंतीच्या ह्या बाजूला कोण राहतं ते तुम्हीच सांगा बाई."

सासूबाई भिंतीलगतच्या बांबूंकडे वळल्या आणि एकेक बांबू खालून वर बघत चालू लागल्या. एकूण चौदा. मी मागोमाग. आठव्यापर्यंत सगळं ठीक होतं. नवव्याच्या टोकाशी मी मान वर केली आणि सासूबाईंचा पदर ओढला.

टोकावर पांढऱ्या रंगाचा ओरखडा होता. कॅमेऱ्याचा रंगही तोच.

"सापडला ना?" काका मागून म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "हिचाच बांबू, हिच्याच मातीत!"

ताई मटकन घसरगुंडीवर बसली.

३

काका घरी गेल्यावर मी ताईला पाणी दिलं. सासूबाई मात्र लेकीकडे न बघता वेलांकडे बघत होत्या. मला रागच आला. पोटची पोर रडतेय आणि ह्यांना घेवड्याचं कौतुक!

"आई, आता काय करायचं?"

"आता तू मला सांग, हा घेवडा बांबूवर कसा चढलाय?"

"कसा म्हणजे? गुंडाळून."

"कुठून कुठे?"

मी नीट पाहिलं. पहिल्या बांबूवर वेल डावीकडून उजवीकडे वर गेला होता. दुसऱ्यावरही तसाच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यावर तसाच. नववा आला आणि मी थबकले. ह्यावर वेल उजवीकडून डावीकडे होता. त्याचा कोवळा शेंडा बांबू सोडून हवेत लोंबत होता.

"घेवडा एकाच बाजूनं वळतो, डावीकडून उजवीकडे," ताई डोळे पुसत जवळ आली. "उलटा गुंडाळला तर धरत नाही, सुटून येतो. हा उलटा कुणी केला? काल संध्याकाळी नीट होता!"

सासूबाईंनी पहिल्यांदा लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणजे कुणीतरी बांबू उपसला, वेल उतरवला, काम झाल्यावर बांबू परत रोवला आणि वेल पुन्हा गुंडाळला. पण ज्याला घेवडा माहीत नाही, अशा माणसानं. तू दोन महिने ह्या वेलांशी बोलतेस. तू डोळे मिटूनही उलटा गुंडाळणार नाहीस."

मी उडीच मारायची बाकी होते. "चला, काकांना सांगू!"

"काका म्हणतील, मुद्दाम केला. थांब जरा." त्यांनी टेप काढली. "धर टोक."

आम्ही मोजत सुटलो; मोजता मोजता दुपार झाली. बांबू अकरा फूट, त्यातला एक फूट मातीत. म्हणजे पडद्याचं टोक जमिनीपासून दहा फुटांवर. मग सासूबाईंनी स्टूलावर चढून भिंतीवरून टेप काकांच्या अंगणात सोडली, अंदाज घेतला, खाली उतरून वहीत आकडे लिहिले. भिंतीपासून कॅमेऱ्यापर्यंत पंधरा फूट. अकरा फुटी बांबूनं बागेतून कॅमेरा गाठणं अशक्य. ज्यानं फोडला तो काकांच्याच अंगणात उभा होता. भिंतीच्या माथ्यावर ओल्या मातीचा एक पट्टाही होता. बांबूचं मातकट बूड तिथून ओढत पलीकडे नेलेलं.

"पलीकडे म्हणजे?" मी विचारलं. "अलीकडून कुणी भिंत चढून बांबू पलीकडे नेला असेल तरीही पट्टा पडेल."

"बरोबर. म्हणून हे नुसतं लिहून ठेवायचं." सासूबाईंच्या ओठांवर हसू फुटलं. सुनेनं शंका काढली की त्यांना बरं वाटतं, फक्त शंका स्वयंपाकाबद्दल नसली पाहिजे.

नवव्या बांबूच्या मध्यावर वेलाचं देठ मोडलेलं होतं आणि त्याला पांढऱ्या कापडाची चिंधी बांधली होती. "हे तूच ना?" मी ताईला विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. "मी सुतळी वापरते." मी चिंधी वळवून बघायला गेले आणि बांबूला बांधलेल्या तारेनं माझं बोट चांगलंच कापलं.

"राहू दे, ती सोडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. माझ्या बोटातून रक्त येत होतं आणि ह्यांना चिंधीची काळजी. "ताई, तू सहा बावन्नला कुठे होतीस?"

"पुढच्या नळावर, झारी भरत होते. काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मला वाटलं मांजर असेल." ती अडखळली. "आणि त्याच्या जरा आधी काकांचा आवाज आला मागून. शब्द नाही कळले. ओरडल्यासारखा, जरा डब्यातून आल्यासारखा. पण आवाज त्यांचाच, शपथेवर सांगते."

फाटकाच्या कॅमेऱ्यानुसार काका त्या वेळी घरात नव्हतेच.

४

बोट धरून मी काकांच्या दारात उभी राहिले. दार काकूंनी उघडलं. बारीक चणीच्या, केसांचा घट्ट अंबाडा, बोलणं इतकं हळू की कान पुढे करावा लागे.

"अगं बाई, रक्त!" त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. एका स्वच्छ जुन्या चादरीची पट्टी टर्रकन फाडली आणि बघता बघता बोट बांधून टाकलं. प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर, एकसारखा. शेवटी पट्टीचं टोक मध्ये चिरून त्याची दोन शेपटं केली आणि जखमेपासून लांब गाठ मारली. "तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर होते," त्या म्हणाल्या. "हात विसरत नाहीत."

"काकू, सकाळी काही ऐकलंत का?"

"मी आत होते. मिक्सर चालू होता." त्यांनी उरलेल्या पट्टीची घडी घातली. "तुझ्या नणंदेला काही होणार नाही ना गं?"

"चारपर्यंत नाव नाही सापडलं तर पाळणाघर बंद होईल."

काकूंनी घडी उलगडली आणि परत घातली. "पण तिनं काही केलंच नाही तर तिला कसं काय होईल?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मागच्या अंगणात एक माणूस शिडी लावत होता. कॅमेरे बसवणारा तो हाच, काकांनी बोलावून घेतलेला. सासूबाई त्याच्याशी आधीच गप्पा मारत होत्या, जणू दोघं एकाच कचेरीत कामाला होते.

"आतापर्यंत किती वेळा आलास रे ह्या घरी?"

"मोजणं सोडलं मावशी," तो वैतागून म्हणाला. "जरा डावीकडे कर, जरा उजवीकडे कर. गेल्या आठवड्यात तर आख्खा कॅमेराच बदलला, बोलणारा बसवला."

"बोलणारा म्हणजे?"

"ह्यात स्पीकर असतो. माणूस कुठेही असो, फोनवर बोललं की इथून आवाज येतो."

डब्यातून आल्यासारखा आवाज! मी सासूबाईंचा दंड दाबला. म्हणजे काका फिरायलाच गेले होते आणि ताईनंही खरंच ऐकलं होतं. दोघंही खरं बोलत होते. पण मग सहा पन्नासच्या सुमारास, फिरता फिरता, काका कुणावर ओरडत होते?

"बदलला तेव्हा तो वळवलाही असशील," सासूबाई वर बघत म्हणाल्या. कॅमेरा धरणाऱ्या लोखंडी पट्टीच्या स्क्रूभोवती भिंतीवर दोन खुणा होत्या. एक जुनी, धूळ बसलेली, सरळ बागेकडे. दुसरी ताजी, खूप खाली झुकलेली.

त्या माणसानं घराच्या दाराकडे पाहिलं. दारात काका उभे होते. "ते काकांना विचारा," तो म्हणाला आणि पिशवी आवरायला लागला.

"शिडी धर," सासूबाईंनी मला सांगितलं.

"आई, सदुसष्ट वर्षांच्या आहात तुम्ही!"

"डोंगर चढून मोजण्या केल्यात मी. धर."

त्या वर गेल्या. कॅमेऱ्याच्या जागी आपलं डोकं नेऊन आधी समोर बघितलं. "पानं," त्यांनी वरून सांगितलं. "आणि आकाश. बागेतलं काहीच नाही." मग त्यांनी मान त्या ताज्या खुणेइतकी खाली झुकवली आणि तशाच राहिल्या. मला वाटलं चक्कर आली. मी हाक मारली. त्या सावकाश उतरल्या, माझ्या बांधलेल्या बोटाकडे किती तरी वेळ बघत राहिल्या.

"ही पट्टी सोडू नकोस. किती वाजले?"

"पावणेतीन."

"कुणी फोडला ते मला कळलंय, सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या. "आणि ते कळून मला काही बरं वाटलेलं नाही."

५

साडेतीनला सगळे ताईच्या बागेत जमले. काका, काकू, कॅमेरेवाला, ताई आणि मी. माझं काळीज इतकं धडधडत होतं की घेवड्यालाही ऐकू गेलं असेल. सासूबाई पाण्याच्या उपड्या टबावर बसल्या होत्या, वही मांडीवर.

"मी फक्त मोजमाप सांगते," त्यांनी सुरुवात केली. "कॅमेरा जमिनीपासून दहा फूट. घेवड्याचं टोक दहा फूट. पडदा दाट होऊन पंधरवडा झाला. काका, खरं सांगा, पंधरा दिवसांत ह्या बागेतलं काही दिसलं तुम्हाला?"

"पानं दिसली," काका गुरगुरले.

"मग माझी लेक कॅमेरा का फोडेल? तिची लढाई ती जिंकली होती. दोन महिने पाणी घालून जिंकली होती. दिसत असताना नाही फोडला आणि दिसायचं बंद झाल्यावर फोडला?"

काकांनी घेवड्याच्या पडद्याकडे पाहिलं.

"कॅमेरा तोच फोडेल ज्याला तो अजून बघत होता." सासूबाईंनी पान उलटलं. "फोडणारा काकांच्या अंगणात उभा होता, नाहीतर बांबू पोचत नाही. फाटकातून कुणी आलं नाही, ते काका स्वतःच सांगतात."

"भिंतीवरून हीच आली!" काकांनी ताईकडे बोट दाखवलं.

"तिनं हा वेल उलटा गुंडाळला असता?" सासूबाईंनी नववा बांबू दाखवला. "आणि त्याहून महत्त्वाचं. ज्यानं बांबू उपसला त्याच्या हातून एक देठ मोडलं. कॅमेरा फुटलाय, आवाज झालाय, कुणीही येईल. दुसरं कुणी असतं तर पळालं असतं. हा माणूस थांबला. त्यानं त्या देठाला मलमपट्टी केली. प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. टोक चिरून दोन शेपटं. गाठ जखमेपासून लांब."

मी माझ्या बोटाकडे पाहिलं. मग वेलाकडे. दोन्ही पट्ट्या अगदी सारख्या होत्या.

"नाव मी सांगणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "मोजणीवाल्यानं हद्द दाखवायची, दगड ज्याचा त्यानं रोवायचा. काका, सहा पन्नासचं चित्रण लावा. अंगठा न ठेवता."

"त्याचा इथे काही संबंध..."

"लावा."

पहाऱ्याच्या प्रमुखाला असा हुकूम देणारं बऱ्याच वर्षांत कुणी भेटलं नसावं. त्यांनी फोन काढला. आम्ही सगळे वाकलो. चित्रात बाग नव्हतीच. काकांच्याच घराची मागची पायरी होती. पायरीवर काकू बसल्या होत्या, अंबाडा सोडलेला, हातात चहाचा कप, डोळे मिटलेले. चेहऱ्यावर ऊन. इतक्या शांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि मग त्या छोट्याशा फोनमधून काकांचाच आवाज कर्कशपणे आला: "अगं, पुन्हा पायरीवर? किती वेळ बसणार? आत जा बघू!"

चित्रातल्या काकू दचकल्या, चहा साडीवर सांडला. त्यांनी कप पायरीवर ठेवला, उठल्या आणि चित्राबाहेर गेल्या.

"आत गेली ना ती," काका पुटपुटले. "मी सांगितलं आणि ती आत गेली."

"आत नाही गेले," काकू म्हणाल्या. आज पहिल्यांदा त्यांचं बोलणं ऐकायला कान पुढे करावा लागला नाही. "भिंतीकडे गेले. बादली उपडी घालून तिच्यावर चढले, बांबू ओढला आणि कॅमेरा फोडला."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. दिवसभर त्यांना सगळ्यांचा संशय आला होता, ह्या एका माणसाचा सोडून.

"तीस वर्षं वॉर्डात काढली मी. चोवीस खाटांची चोवीस माणसं माझ्याकडे बघायची. डॉक्टर बघायचे, मेट्रन बघायची. निवृत्त झाल्यावर म्हटलं, आता सकाळचा एक कप चहा कुणी न बघता प्यायचा. पायरीवर, केस सोडून. तेवढंच हवं होतं मला. तर भिंतीतून आवाज यायला लागला. ऊन लागेल. पदर ओला झाला. किती वेळ बसणार." त्या ताईकडे वळल्या. "पोरी, तुझ्यावर येईल असं मनातही नव्हतं गं. सकाळपासून सांगीन सांगीन म्हणतेय, जीभच उचलत नव्हती. माफ कर मला."

ताईनं उठून त्यांना मिठीच मारली. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

"त्या पायरीवर तू पडली होतीस," काका एकदम म्हणाले. आवाज फाटला होता. "गेल्या वर्षी. मी बाहेर होतो. दोन तास पडून होतीस, पाय मुरगळून. मला यायला दोन तास लागले. तेव्हापासून मला बाहेर गेलं की सुचत नाही काही. मी चोरांसाठी नव्हता गं वळवला तो."

काकूंनी सुटलेली बट अंबाड्यात खोचली.

"पडीन अशी भीती वाटते, तर शेजारी येऊन बसायचं होतं," त्या म्हणाल्या. "दुसरा कप मी रोजच करते. तुम्ही येईपर्यंत तो गार होतो."

तेवढ्यात ताईच्या फाटकाची कडी वाजली. चारला दोन मिनिटं कमी होती.

६

तपासनीस बाई हातात फाइल घेऊन आल्या. त्यांनी खोल्या पाहिल्या, खाटा मोजल्या, स्वयंपाकघरातले डबे उघडले आणि शेवटी बागेत आल्या. आम्ही सगळे एका रांगेत उभे होतो, शाळेत उशिरा आलेल्या मुलांसारखे. भिंतीपलीकडे छपराखाली मोडका कॅमेरा वायरीवर लोंबत होता. बाईंनी तो पाहिला.

"हे काय? शेजाऱ्यांची काही तक्रार आहे का?"

ताईनं माझा हात इतका घट्ट धरला की कापलेलं बोट ठणकलं.

"आहे," टेहळणीकाका म्हणाले.

काका एक पाऊल पुढे आले, पाठ ताठ, हात मागे.

"माझ्या कॅमेऱ्यातून ही बाग दिसत होती. मुलं दिसत होती. ह्या बाईंनी तोंडी सांगितलं, लेखी सांगितलं, मी ऐकलं नाही. त्यांच्या पाळणाघरातून दोन मुलं माझ्यामुळे काढली गेली. ही तक्रार माझ्यावर लिहा. माझं पूर्ण नाव सांगतो."

"कॅमेरा अजून आहे?"

"आज सकाळपासून नाही. पुन्हा लागणार नाही."

बाईंनी काकांकडे पाहिलं, घेवड्याच्या भिंतीकडे पाहिलं, फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि शिक्का मारला. तो ठप्प आवाज मला आजही ऐकू येतो. ताईचं पाळणाघर वाचलं होतं! बाई फाटकाबाहेर पडल्या मात्र, मी सकाळी अर्धी राहिलेली टाळी तिथल्या तिथे पूर्ण वाजवली.

पुढच्या रविवारी सकाळी सातला आम्ही ताईकडे गेलो, तर भिंतीपलीकडे कुदळीचा आवाज चालला होता. मी स्टूलावर चढून डोकावले. काकूंच्या पायरीभोवती चार नवे बांबू उभे होते आणि ताईनं दिलेली घेवड्याची पाच रोपं ओळीनं ठेवलेली होती. पायरीवर दोन कप होते. काकूंचे केस मोकळे होते आणि काका घामाघूम होऊन पाचवा बांबू रोवत होते.

"हा वेल कुठून वळवायचा गं?" त्यांनी विचारलं. "डावीकडून की उजवीकडून? नीट सांग, मी लक्ष ठेवतो."

"त्याला कळतं कुठून वळायचं," काकू चहाचा घोट घेत म्हणाल्या. "तुम्ही नुसता बांबू धरा."

मी पटकन डोकं खाली घेतलं. खालून सासूबाई विचारत होत्या, काय दिसतंय, काय दिसतंय.

"काही नाही, आई," मी म्हटलं आणि स्टूलावरून उतरले.